बूड खोटं बोलत नाही

चुरीसाहेबांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा मला एकही प्रश्न विचारला नाही. पुढ्यात दोन स्टुलं ठेवली. दोन्हींवर सारख्याच दिसणाऱ्या करड्या गाद्या. म्हणाले, "ह्याच्यावर अर्धा तास बसा, मग त्याच्यावर अर्धा तास. मी आलोच." आणि जेवायला निघून गेले. परत आले तेव्हा तोंडात बडीशेप होती.

"बोला."

मी जन्मजात विक्रेता. बाराव्या दिवशी पाळण्यातून आत्याला तिचंच बारशाचं कुंची-टोपडं परत विकलं होतं, असं आमच्या घरात सांगतात. दोन्ही गाद्यांची मी अशी तारीफ केली की ऐकून एखादा उंट आपणहून खाली बसला असता. पहिली मऊ पण शिस्तीची, दुसरी भक्कम पण मायाळू, वगैरे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्या गादीची चेन उघडली आणि आतला पुठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"तोंड खोटं बोलतं हो माणसाचं," ते म्हणाले. "बूड खोटं बोलत नाही. तुमचं काय म्हणत होतं?"

"ऊठ म्हणत होतं, साहेब. विसाव्या मिनिटापासून."

"या उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी मी 'तुम्ही'चा 'तू' झालो आणि शेवटपर्यंत राहिलो.

मनोहर चुरी. गाव आगाशी, वसईच्या पलीकडचं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या फोमच्या कारखान्यात ते क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये होते असं म्हणणं चूक आहे. ते स्वतःच डिपार्टमेंट होते. ते, एक लाकडी स्टूल आणि एक शंभरपानी वही. शाळेच्या बसच्या सीटा, मजलिशीतल्या बैठका, क्रेन चालवणाऱ्याच्या खुर्च्या, कारखान्यातून जे जे म्हणून माणसाच्या खाली जायचं, ते आधी चुरीसाहेबांच्या खालून जायचं. अर्धी अमिरात ह्यांच्या शब्दावर बसलेली आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. अर्धी नसेल. पण तुम्ही कधी शारजात टॅक्सीत बसून 'हुश्श' केलं असेल, तर त्यातला अर्धा हुश्श त्यांचा धरायला हरकत नाही.

अंगाने काटकुळा माणूस. हाडावर मांस असं नव्हतंच. तेच त्यांचं भांडवल. "जाड्या माणसाला काय कळणार?" ते म्हणायचे. "तो स्वतःची गादी घरून घेऊन आलेला असतो." कारखान्यात दाब मोजायचं एक जर्मन यंत्र आलं होतं, चांगलं कपाटाएवढं. साहेब त्याच्यावर डबा ठेवायचे.

त्यांचा उजवा अंगठा कधी स्वस्थ नसे. दिसेल त्या मऊ वस्तूत तो रुतवायचा, काढायचा आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते ओठांतल्या ओठांत मोजायचं. बँकेच्या मॅनेजरची खुर्ची मॅनेजर उठला की दाबायची. दुबईतल्या करामा भागातल्या हॉटेलात इडली आली की आधी अंगठा. "एक... दोन... चांगली आहे." मग चटणी. एकदा इथल्या मराठी मंडळाने मुंबईहून नाटक आणलं होतं. तीन अंकी, रडवणारं, बायकांचे रुमाल चिंब. बाहेर पडताना मी विचारलं, "कसं वाटलं, साहेब?" म्हणाले, "पहिल्या अंकात ठीक होतं. दुसऱ्यात डावीकडे बसलं. तिसऱ्यात स्प्रिंग लागली." सुनंदावहिनी, त्यांच्या मिसेस, मागून म्हणाल्या, "भावजी, लग्नात ह्यांनी अंतरपाट सुटायच्या आधी पाट दाबून बघितला होता. लाकडाचा."

बैठकीचे त्यांचे तीनच प्रकार. पाहुणा, जावई आणि घरचा. पाहुणा म्हणजे पहिली दहा मिनिटं गोड बोलणारी. मग कधी उठतो असं होतं. जावई म्हणजे उत्तमच, पण सतत लक्ष द्यावं लागतं, इकडून सावरा, तिकडून सावरा. आणि घरचा म्हणजे जो आहे हेच विसरायला होतं. पंचवीस वर्षांत त्यांनी 'घरचा' असा शेरा कुणालाच दिला नव्हता. फार तर 'घरच्यासारखा'.

आम्ही दोघंही शारजात, अल मजाजला राहायचो. सकाळ-संध्याकाळ माझ्याच गाडीतून जाणं-येणं. शारजा-दुबई रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये लोकांची लग्नं जुळतात, मुलं होतात, मुलांच्या मुंजी होतात आणि गाडी अजून त्याच सिग्नलला असते. त्यामुळे हा माणूस मी अमाप ऐकला आहे. त्यांचे अंदाज कधी चुकत नसत. एकदाच चुकला. आगाशीहून गेल्या जूनमध्ये वहिनींचा फोन आला, "भावजी, हे गेले," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती त्या चुकीचीच वही. म्हणून ते सांगतो. मी थापाड्या आहे हे दुबईत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ह्यापुढचं बसण्याबद्दलचं जे आहे, त्यात भर घातलेली नाही.

सुरुवात ऑगस्टमध्ये झाली, आणि ती सुरुवात आहे हे कुणालाच कळलं नाही. माझी गाडी दिवसभर कारखान्याबाहेर उन्हात उभी. आतली काळी रेक्झीन अशी तापायची की अंडं फोडलं असतं तर ते शिजून, कोंबडी होऊन, दार उघडून सावलीत गेलं असतं. मी सीटवर टॉवेल घालून, अल्लाचं नाव घेऊन, टप्प्याटप्प्याने बसायचो. त्या दिवशी चुरीसाहेब दार उघडून बसले ते बसले. हूं नाही की चूं नाही. शारजा येईपर्यंत कुठल्याशा चिनी फोमची निंदा करत होते. उतरल्यावर मी पाहिलं, सीटबेल्टचं लोखंडी बकल अख्खा रस्ता त्यांच्या बुडाखाली होतं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी सांगितलं, रुपयाएवढा फोड आलाय.

मी ही गोष्ट कारखान्यात आठवडाभर विकली. कटिंगच्या बाकावर उभं राहून सांगितली. "असा माणूस होणे नाही. बुडाखाली निखारा, आणि तोंडात पॉलियुरेथेन." सगळे हसले. साहेबही हसले, जरा लाजून. "लक्षात नाही आलं रे," एवढंच म्हणाले.

ऑक्टोबरात बू राशिद आला. सत्तरीचा अमिराती म्हातारा, पांढरी दाढी, ताठ. बाप मुंबईला मोत्यांचा व्यापार करायचा, म्हणून ह्याचं हिंदी आपल्यासारखंच तोडकंमोडकं आणि प्रेमळ. त्याला ससाण्यांचा नाद. दर हिवाळ्यात ससाणे घेऊन हा बाहेरच्या देशात, जिथे परवाना मिळतो तिथे, हुबाराच्या शिकारीला जायचा. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा चुलत भाऊ. बाकीचे शिकारी जीप उडवत पक्ष्यामागे धावतात. ह्याला ते पटायचं नाही. हा झुडपाआड जमिनीवर बसायचा. चार-चार, पाच-पाच तास, मुठीवर ससाणा घेऊन. पण आता माकडहाड कुरकुरायला लागलं होतं.

त्याने पिशवीतून दुकानातून आणलेल्या पाच गाद्या काढून साहेबांच्या टेबलावर टाकल्या आणि एकेकीवर आरोपपत्र वाचलं. ही चकचकीत, हलली की चुरचुरते, पाखरू उडतं. ही जेलची, मेलेल्या बकरीएवढी जड. ही हवेची, पहिल्याच काट्याला मेली. ही सकाळचं दव पिऊन बसते, मग मीही ओला. आणि ही बरी आहे, पण लाल.

"एकशे ऐंशी दिरहाम," तो म्हणाला, "लाल."

"चार हजार रुपये," मी सवयीने पुटपुटलो.

"क्या चाहिए, बाबा?" चुरीसाहेबांनी विचारलं.

म्हातारा विचार करून म्हणाला, "एक हाथ में बाज़. गले में दूरबीन. मेरा उमर बहत्तर. गद्दी का वज़न एक खुबूस से ज़्यादा नहीं." खुबूस म्हणजे इथली ती ताटाएवढी रोटी, नुसती हवा. "ठंडा नीचे से नहीं आना. आवाज़ नहीं. और जब पाखी आए, तब मैं उठ सकूँ."

शेवटचं वाक्य साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मॅनेजर म्हणत होता, एका गादीची कसली ऑर्डर, नाही म्हणून सांगा. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मॅनेजरने स्वतःच्याच खुर्चीत अंग चोरलं. "आजवर मी बसणाऱ्यासाठी केलं," गाडीत मला म्हणाले. "उठणाऱ्यासाठी कुणी मागितलंच नव्हतं."

मग दर शनिवारी आम्ही धैदच्या पलीकडे वाळवंटात. तिथे बू राशिदचं छोटं शेत, शेताच्या कडेला ससाण्यांचा तळ. मी गाडी चालवायची, वहिनींचा डबा सांभाळायचा. साहेब एका घाफच्या झाडाखाली नव्या नमुन्यावर बसायचे आणि घड्याळ लावायचे. नियम एकच: दुखलं म्हणून उठायचं नाही, दुखलं म्हणून लिहायचं. ती वही माझ्याकडे आहे. एक नंबर: 'एक इंची. दवाने जड. एक तास चाळीस मिनिटं, डावं हाड जागं झालं.' हाड दुखलं असं ते कधी लिहीत नसत. जागं झालं. दोन नंबर: 'आवाज करतो. दोन तास दहा, डावं हाड जागं.' तीन नंबर पाणी न पिणारा, पण कडा टोचणाऱ्या. चार नंबर अजून पातळ. 'दोन तास पन्नास.'

बू राशिद तेव्हा ससाण्यांना उडवायची तयारी करत असायचा. ससाणे मैदानात ओळीने आपापल्या खुंटावर, डोळ्यांवर कातड्याची टोपी. वाळूत रोवलेला लोखंडी खुंट, वर गोल बैठक, तिला ते वकर म्हणतात. साहेबांना राहवलं नाही. एक बैठक रिकामी दिसताच अंगठा गेला.

"इसमें भी गद्दी?" त्यांनी विचारलं.

म्हातारा खूश झाला. त्याने एका ससाण्याला मुठीवर घेतलं, उलटं करून त्याचे तळवे दाखवले. बैठक वाईट असली की तळव्याला फोड येतो, फोड चिघळला की पक्षी गेला. म्हणून रोज सकाळी, नमाज़ झाला की आधी तळवे. "और देखो," तो म्हणाला, "अच्छा बाज़ कितना भी अच्छा जगह बैठे, पाँव बदलता है. अब बायाँ, अब दायाँ." खरंच, ओळीतले सगळे ससाणे दर थोड्या वेळाने एक पाय पिसांत ओढून घेत होते, मग दुसरा. "जो नहीं बदलता, उसको मैं उसी दिन डॉक्टर के पास."

"बरोबर आहे," साहेब मला मराठीत म्हणाले. "उत्तम बैठकीवरही बूड हलतं. हलायलाच हवं." आणि जाऊन झाडाखाली बसले.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सात नंबर. अर्धा इंच जाडीचा, वाळूच्या रंगाचा, पाठीमागे कमरेला अडकवायचा पट्टा. काट्यावर ठेवला तर खुबूसपेक्षा हलका; मी शेजारी खुबूस ठेवूनच मोजला. साहेब सकाळी सातला बसले. नवाला मी चहा नेला. अकराला डबा. "काय म्हणतंय?" म्हटलं, तर हात हलवून गप्प केलं, जसं कुणी गाणं ऐकताना करतं. दुपारी एक वाजता उठले. म्हणजे उठायला गेले आणि माझा खांदा धरला, पण मला वाटलं, सहा तासांनंतर कुणीही धरेल. चेहरा असा उजळलेला, की पंचवीस वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. वही पुढे केली. दर अर्ध्या तासाची ओळ होती आणि दर ओळीपुढे तेच: 'काही नाही. काही नाही. काही नाही.' सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: 'घरचा.'

"सहा तास, पराडकर," ते म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."

मी तिथल्या तिथे उडी मारली. हे वाक्य मी पुढे सौदीपर्यंत विकणार होतो. 'सहा तास बसा, कळणारही नाही.' मॅनेजरला फोन लावला, कॅटलॉगात घाला म्हणून सांगितलं. बू राशिद मात्र थोड्या अंतरावर हातावर ससाणा घेऊन उभा होता आणि साहेबांकडे पाहत होता. जवळ आला.

"थका नहीं?"

"बिलकुल नहीं, बाबा."

"हूं," म्हातारा म्हणाला. त्याला काहीतरी खटकलं होतं. पण माणसाला तोंडावर आजारी म्हणणं त्याच्या रीतीत बसत नसावं. सात नंबर घेऊन तो आठवड्याभराने शिकारीला गेला.

जानेवारीत परत आला तो डाव्या मनगटाला प्लास्टर घालून. कारखान्यात येऊन साहेबांच्या समोर बसला. मी मध्ये बोलायला गेलो, तर माझ्याकडे बघून नुसतं "यल्ला, चाय" म्हणाला. चहा आणून मी दारात थांबलो. त्याने शांतपणे सांगितलं. तास-दीड तासात हाडं पेटली होती. तरी तो बसून राहिला, कारण चुरी सहा तास बसला होता. वाटलं दोष आपल्याच म्हातारपणाचा. चौथ्या तासाला हुबारा दिसला. तो उठायला गेला, पाय मेलेला. तोंडावर पडला. ससाणा दोरीसकट उडाला, दुसऱ्या संध्याकाळी सापडला, पीस मोडलेला.

साहेब पांढरेफटक पडले. सात नंबर हातात घेतला, अंगठा दाबला. खळगा पार तळाला लागला. अर्धा इंच फोम. माझ्यासारख्या भाषणबाजालाही कळलं असतं की ह्याच्यावर तासाच्या वर कुणी बसू शकत नाही.

"बाबा, मैं बैठा था," ते म्हणाले. "छह घंटा. सच्ची."

"मालूम है. मैं देखा." बू राशिदने पुढे वाकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "छह घंटा देखा. तुम पाँव नहीं बदला, चुरी. एक बार भी नहीं."

मग साहेबांनी वही उघडली. मीही मागून वाकलो. एक तास चाळीस. दोन तास दहा. दोन तास पन्नास. पाच नंबरला साडेतीन. सहा नंबरला साडेचार. सातला काही नाही. नमुने पातळ होत गेले होते आणि दुखणं उशिरा येत गेलं होतं. हे उलटं आहे हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आम्ही त्याला प्रगती म्हणत होतो.

"उसी दिन बोलना चाहिए था," म्हातारा म्हणाला. "बाज़ होता तो बोलता." आणि त्याच दिवशी, आपल्याच गाडीतून, तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला.

मणक्याच्या तळाशी गाठ होती. मोठी आणि जुनी. माणूस जिथे टेकतो, नेमक्या त्या जागेची खबर वर नेणाऱ्या नसा तिने एकेक करून गप्प केल्या होत्या. पाय आता कुठे जड व्हायला लागले होते. ऑपरेशन झालं, काही गाठ निघाली, काही निघण्यासारखी नव्हती. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी रेवा कॉटशी उभी होती. शारजातच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. साहेबांना हसू येईल म्हणून मी सवयीने तोंड उघडणार, तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "अंकल, ही सॅट ऑन अ बर्निंग बकल. अँड यू मेड इट अ जोक?"

वहिनी म्हणाल्या, "रेवा." पण साहेब म्हणाले, "बोलू दे तिला." मग माझ्याकडे बघून, "ह्याचा काय दोष? मी स्वतःच ऐकलं नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, बूड खोटं बोलत नाही. ते खोटं नव्हतं रे बोलत. गप्प झालं होतं. गप्प बसणाऱ्याला मी घरचा म्हटलं."

मार्चमध्ये आगाशीला परत जायचं ठरलं. डॉक्टरांनी महिने सांगितले होते. ते मी इथे मोजत नाही. सामान बांधलं जात होतं, वहिनी बरण्या वाटत होत्या, आणि हा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून एकाच गोष्टीचा ध्यास घेऊन बसला होता. सात नंबर. त्यांच्या शेऱ्याने एक म्हातारा तोंडावर पडला होता. तो शेरा तसाच टाकून त्यांना जायचं नव्हतं.

"पराडकर, तू बस," ते म्हणाले. "मी लिहितो."

त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, खाली खालिदचं सरोवर, मी जमिनीवर आठ नंबर घालून बसलो. समोर ते, मांडीवर वही. नमुने त्यांनी घरीच कापून चिकटवले होते; वहिनींनी शिवले होते. दर दहा मिनिटांनी घड्याळ वाजायचं. ते थांबायचे, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलायचे, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मग पुन्हा टेकायचे. आपल्याला कळत नाही म्हणून घड्याळाने कळवायचं. नाहीतर कातडीला फोड येतो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. घामाघूम व्हायचे. तासभरात मला ते बघवेना. म्हटलं, आपण लवकर संपवावं, हा माणूस आडवा होईल तरी.

"मस्त आहे, साहेब. काही कळतच नाही. घरचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऊठ." उठलो. "गादी दे." दिली. त्यांनी अंगठा फिरवला, जिथे माझं डावं हाड टेकलं होतं तिथे थांबले. खळगा अजून भरला नव्हता.

"पराडकर," ते म्हणाले, "विकायचं नाहीये. सांगायचंय."

मी परत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला तोंडातून शब्द काढायला कष्ट पडले. "डावं हाड दुखतंय."

"कधीपासून?"

"पाऊण तास झाला."

"कसं? वर येतं की आत जातं?"

"आत जातं. मग मांडीतून खाली."

"मुंग्या?"

"अजून नाहीत. आधी गरम. मग मुंग्या येतील असं वाटतं."

"हां," ते म्हणाले. "हां. आधी गरम." ते लिहीत नव्हते. पेन हातात तसंच होतं आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जसं कुणी आपल्या गावाहून आलेल्या माणसाला विचारतं, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं ते झाड अजून आहे का. "अजून सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."

मी सांगितलं. चार शनिवार सांगितलं. मला इतकं खरं बोलायची सवय नाही. घरी गेलो की ताप आल्यासारखं व्हायचं. आठ गेला, नऊ गेला. अकरा नंबरला त्यांनी फोमचे दोन थर केले, खाली कडक, वर मऊ, आणि मागे माकडहाडाच्या जागी बोटभर खाच सोडली. वजन दोन खुबूस. "बाबाला सांगू, एक खुबूस कमी खा," ते म्हणाले. अकरावर मला दोन तासांनी हाड जागं झालं, पण मुंग्या आल्या नाहीत, आणि साडेतीन तासांनी त्यांनी अचानक टाळी वाजवून "पाखरू!" म्हटल्यावर मी एका झटक्यात उठून उभा राहिलो. उभा राहिलो तो तसाच राहिलो. कारण ते खुर्चीतून माझ्या पायांकडे बघत होते.

वहीत शेरा लिहिला: 'जावई. चांगला. दुखतो, पण उठू देतो.' सात नंबरपुढचा 'घरचा' खोडून टाकला नाही. तिथेच राहू दिला, पुढे लिहिलं, 'माझी चूक,' आणि सही केली. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

विमान शनिवारी दुपारचं होतं. बू राशिद शारजाच्या विमानतळावर आमच्या आधी येऊन उभा होता. प्लास्टर निघालं होतं. साहेबांनी अकरा नंबर त्याच्या हातात ठेवला. म्हाताऱ्याने ती गादी तिथेच, सगळ्या गर्दीत, फरशीवर टाकली, पायघोळ कंदुरा सावरून तिच्यावर मांडी घातली आणि डोळे मिटले. चांगली दहा मिनिटं. लोक वळसा घालून जात होते. सुरक्षेवाला आला, तोही बघत उभा राहिला. मग म्हातारा हात न टेकता उठला.

"खलास," तो म्हणाला. "यह सही है."

चुरीसाहेबांनी मान हलवली. मी मात्र विनोद जुळवत होतो. शेवटचा, झकास, जन्मभर पुरेल असा. तो अजून माझ्याकडेच आहे. वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, रेवाने वाकून नमस्कार केला, आणि विमानतळावरचा माणूस खुर्ची ढकलत आत घेऊन गेला.

काचेपलीकडे रांग होती. आम्ही दोघं अलीकडे. इतक्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती आणि खुर्चीच्या कडेला उजवा हात. अंगठा खुर्चीच्या गादीत रुतलेला. मोजत असावेत. मग त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, दोन्ही हात टेकवले आणि सगळ्या रांगेत स्वतःला हळूहळू उचललं. थोडं डावीकडे. मग उजवीकडे.

"शाबाश," माझ्या शेजारी बू राशिद पुटपुटला, मुठीवरच्या पाखराशी बोलावं तसं. "शाबाश. बदलो."